एकाची सही, सगळ्यांची सही

त्या घरात भांडायचं असेल तर हळू आवाजात भांडावं लागे. इलाजच नव्हता. दुकानाच्या मागच्या खोलीत काचेच्या पेटीत औषधं तोलायचे काटे दुरुस्त होत, आणि ते इतके नाजूक की समोर कुणी शिंकलं तरी पाच मिनिटं थरथरत राहत. त्यामुळे तीन पिढ्यांचे रुसवेफुगवे, वाटण्या, टोमणे सगळे कुजबुजीत पार पडलेले. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा पहिले सहा महिने तिला वाटत होतं, काय गोड माणसं मिळाली हो! मग एकदा चहा घेऊन अगदी जवळ गेली आणि कळलं की सासरे आणि नवरा एकमेकांची यथेच्छ लाज काढताहेत.

त्या दुपारी मात्र दादाचा आवाज चढला.

"कुणी केली ही सही?"

"दादा, हळू," धाकटी म्हणाली. "काटा हलतोय."

तिने मान वर केली नव्हती. चिमट्यात तांदळाएवढं वजन धरून ती पारड्याच्या वर थांबली होती. घरातलं शेंडेफळ, वय वर्षं एक्केचाळीस, पण हात असा की शहरातल्या दवाखान्यांचे निम्मे काटे तिच्या भरवशावर चालत. समोर बाकावर एक कागद पडला होता. तो घेऊन वकीलबाई जिने चढत धापा टाकत आल्या होत्या आणि अजून उभ्याच होत्या.

त्या कागदात चार ओळी होत्या. 'मी माझी तक्रार स्वखुशीने मागे घेत आहे,' आणि खाली धाकटीच्या नावाची सही, वर दुकानाचा शिक्का.

आणि त्या चार ओळींचं अक्षर वहिनीचं होतं. ती दाराशी ट्रे धरून उभी होती. कागद पाहताच तिने नजर कपांकडे वळवली.

"सरकारने हा कागद थेट परदेशातल्या मानवी हक्क समितीकडे पाठवलाय," वकीलबाई म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात तुमचं प्रकरण त्यांच्यापुढे येणार होतं. आता त्यांच्या कचेरीतून मला पत्र आलंय, की तक्रार खरंच मागे घेतलीय का? आज संध्याकाळी सहापर्यंत उत्तर द्यायचंय. दिलं नाही तर प्रकरण बंद."

"सही माझी नाही," धाकटी म्हणाली. तिने वजन पारड्यात ठेवलं, पेटीची काच खाली ओढली आणि मगच वळली. "माझी नाही हे मला माहीत आहे. कुणाची आहे हेही माहीत आहे. आबा?"

कोपऱ्यातल्या खुर्चीत आबा बसले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण पाठ अजून ताठ.

"मी केली," आबा म्हणाले. "त्यात एवढं काय आकाश कोसळलं?"

खरं सांगायचं तर आबांना त्यात काही वावगं दिसतच नव्हतं. त्या घरात थोरल्याची सही म्हणजे सगळ्यांची सही. आजोबा होते तोवर त्यांची, ते गेल्यावर आबांची. पोरांची प्रगतिपुस्तकं, विजेचे अर्ज, आईच्या बँकेचे कागद, सगळीकडे आबाच. दादाच्या लग्नाची नोंदणी करायला गेले तेव्हा नवऱ्याच्या सहीच्या जागेवर आबांनीच पेन टेकवलं होतं. कारकुनाने हात धरला म्हणून निभावलं, नाहीतर वहिनी सासऱ्यांचीच बायको झाली असती. हा किस्सा घरात हसत हसत सांगत. आज कुणाला हसू येत नव्हतं.

"आबा, तुम्ही माझ्या नावाने सही केलीत," धाकटी म्हणाली.

"तुझ्यासाठी केली! तो नोंदणी कचेरीतला साहेब आला होता, तू दवाखान्यात काटे तपासायला गेली होतीस. म्हणाला, घरच्यांनी ना-हरकत द्या, परदेशातली तक्रार मागे घ्या, विशेष बाब म्हणून मुलीला ओळखपत्राचं कार्ड देतो. 'मुलीला' म्हणाला, बरं का. सरकारी माणूस! मी म्हटलं, आण कागद. पंधरा दिवसांत कार्ड येणार होतं. तुझ्या हातावर ठेवणार होतो."

शेवटचं वाक्य बोलताना म्हाताऱ्याचा आवाज बारीक झाला. वहिनीला गलबलून आलं. 'मी मुलगा नाही, मुलगी आहे,' असं ती म्हणाल्यावर याच माणसाने चार वर्षं या लेकीशी शब्द बोलला नव्हता. तिचं ताट वेगळं वाढायला लावलं होतं, आणि ती घर सोडून गेली तेव्हा दार लावून घेतलं होतं. परत आणलं आईने, नऊ वर्षांपूर्वी. तेव्हा उंबऱ्यावरच वहिनी म्हणाली होती, "या वन्सं." नणंदेला हाक मारतात तशी, सहज. आबा तेव्हा पाठमोरे झाले होते. त्यांना वळायला आणखी दोन वर्षं लागली.

"मग झालं तर," आई म्हणाली. ती पलंगाच्या कडेला बसून पदराशी चाळा करत होती. "कार्ड मिळतंय ना? मग कशाला ती समिती न् फिमिती? पोरी, दहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यास. मला डोळे मिटायच्या आत तुझं कार्ड बघायचंय. 'स्त्री' लिहिलेलं. एवढंच मागते."

धाकटी उठून आईजवळ जाऊन बसली. "आई, कार्ड मलाही हवंय. त्यावाचून किती अडलंय ते तुला वेगळं सांगू? काटे तपासनिसाची परीक्षा मी पहिल्या झटक्यात पास झाले. पण अर्जात बाई आणि कार्डावर पुरुष, म्हणून परवाना अडकला तो आजतागायत. काम माझं, सही आबांची. पण हे कार्ड ते मला कशाच्या बदल्यात देताहेत, ते बघ."

"कशाच्या?"

"मी गप्प बसण्याच्या."

दादा इतका वेळ दात ओठ खात होता. "हे बघ धाकटे, तुला वाईट वाटलं तर वाटू दे. घरचं भांडण घरात मिटतंय तर मिटव. परक्या देशात बसलेल्या लोकांनी आपल्याला का शिकवावं? आणि शिकवून करणार काय? त्यांच्याकडे पोलीस आहेत?"

"नाहीत," वकीलबाई शांतपणे म्हणाल्या. त्यांनी अखेर स्टूल ओढून घेतलं. "पण आपल्या सरकारने मानवी हक्कांचा करार स्वतः होऊन सही करून मान्य केलाय, आणि कुठल्याही माणसाने तक्रार केली तर समिती ती तपासेल हेही मान्य केलंय. आपला कायदा काय म्हणतो? बाई म्हणून नोंद हवी असेल तर आधी शस्त्रक्रियेचा दाखला आणा, वर घरच्यांची ना-हरकत आणा. म्हणजे स्वतःचं शरीर डॉक्टरच्या टेबलावर ठेवा आणि स्वतःचं नाव भावाच्या मर्जीवर. आपलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, कायदा बदलणं आमचं काम नाही. मग उरलं कोण? समितीने जर म्हटलं की हा कायदा माणसाच्या खाजगी आयुष्यावर आणि समानतेवर घाला घालतो, तर सरकारला एकशे ऐंशी दिवसांत लेखी सांगावं लागतं, की आम्ही काय दुरुस्त केलं. एकट्या हिच्यापुरतं नाही, सगळ्यांसाठी."

"आणि सांगितलं नाही तर?"

"तर दर वेळी विचारत राहतात. उघड, जगासमोर. सरकारांना ते फार टोचतं. टोचत नसतं तर नोंदणी कचेरीतला साहेब तुमचे तीन जिने चढून आला असता का?"



"आणि सगळे म्हणजे कोण, तेही ऐक," धाकटी म्हणाली. "घर सोडलं तेव्हा माझ्यासोबत राहायची ती परिचारिका, माझ्यासारखीच. अपघात झाला तर तिला पुरुषांच्या खोलीत टाकलं, कारण कार्ड. स्वतःच्याच रुग्णालयात! ती बस चालवणारी, तिच्या घरचे ना-हरकत द्यायला जन्मात येणार नाहीत, कारण ते तिला मेलेली समजतात. माझे आबा सही करतात, दादा. तिचे आबा नाही करत. तिने काय करायचं?"

पेटीतला काटा सावकाश थांबत आला होता.

मग आबा खुर्चीतून उठले. "दादा," ते म्हणाले, "आपल्या दुकानातली वजनं आपण कशाशी ताडून बघतो?"

"म्हणजे? वजनमापांच्या कचेरीतल्या वजनाशी."

"आपल्याच दुसऱ्या वजनाशी का नाही?"

"काहीतरीच काय आबा. दोन्ही सारखीच झिजलेली असली तर कळणार कसं?"

"आणि कचेरीतलं?"

"ते राजधानीतल्या वजनाशी."

"आणि राजधानीतलं?" आबा पुढे म्हणाले. "मी तिथे उमेदवारी करत काम शिकलो ना, तेव्हा पाहिलंय. मखमलीच्या पेटीत घालून, दोन माणसं सोबत देऊन, परदेशातल्या मूळ वजनाशी ताडायला पाठवायचे. अख्ख्या देशाचं वजन! तेव्हा नाही कुणी म्हणालं, परक्यांनी आपल्याला का शिकवावं. नाही पाठवलं तर देशभरचे काटे खोटे ठरले असते." त्यांनी बाकावरचा कागद उचलला, डोळ्यांजवळ नेला. "मीच चूक केली. साहेब 'मुलगी' म्हणाला आणि मी पाघळलो."

वहिनीने ट्रे खाली ठेवला. आता गप्प बसणं म्हणजे चोरी झाली असती.

"आबांनी एकट्यांनी नाही केली," ती म्हणाली. "अक्षर माझं आहे. साहेबांनी मजकूर सांगितला, मी उतरवून घेतला. तेव्हा माझ्या मनात आलं होतं, की वन्संना विचारावं. आलं होतं, आणि मी ते दाबलं. वाटलं, आबा पहिल्यांदा काहीतरी करताहेत तिच्यासाठी, कुठे मोडता घालू?"

"तू?" दादा म्हणाला. "तुला ठाऊक होतं? आणि मला पत्ता नाही?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही शिक्का दोनदा मारला असता."

धाकटीला हसू फुटलं. ते इतकं अवचित होतं की आईही हसली, आणि मग डोळे पुसायला लागली.

"वहिनी, रागावले नाही मी," धाकटी म्हणाली. "म्हणजे रागावले आहे, चांगलीच. पण ते नंतर बघू. आत्ता सहा वाजायच्या आत काय लागेल, ते बाई सांगतील."

वकीलबाईंनी पिशवीतून कोरे कागद काढले. "दोन कागद. एक हिचं निवेदन, की तक्रार मी मागे घेतलेली नाही. ते मी लिहून आणलंय. दुसरं आबांचं, की ती सही मी केली. नुसतं हिने म्हणून भागणार नाही, कारण कागदावर दुकानाचा शिक्का आहे. सरकार म्हणेल, हिने विचार बदलला." त्या आबांकडे वळल्या. "पण आबा, आधीच सांगते. दुसऱ्याच्या नावाने सही केली असं तुम्ही लिहून दिलंत, की वजनमापांची कचेरी तुमच्या दारात येणार. तुमचा परवाना सहीच्या विश्वासावर आहे. तो काही महिने तरी थांबवतील. खटलाही भरू शकतात. तुमचं वय आणि हेतू बघून तो टिकणार नाही असं मला वाटतं, पण खात्री देत नाही."

"बघा!" दादा कुजबुजत ओरडला. त्या घरात ती कला सगळ्यांना साधली होती. "दुकान जाणार. तीन पिढ्यांचं दुकान. कशासाठी? एका सहीसाठी!"

"दादा बरोबर बोलतोय," धाकटी म्हणाली. "आबा, तुम्ही नका लिहू. मी एकटीचंच पाठवते. समितीला पटलं तर पटलं."

"नाही पटलं तर?" आबांनी विचारलं.

"तर पुन्हा पहिल्यापासून. दुसरी कुणी तक्रार करेल. मी तिला लिहायला मदत करीन."

ती हे इतक्या सरळपणे म्हणाली की वहिनी बघतच राहिली. ना रडणं, ना आव. दहा वर्षं पाण्यात गेली तरी ही उद्या सकाळी उठून नवा अर्ज लिहायला बसेल, याबद्दल वहिनीला तिळमात्र शंका उरली नाही.

आबांनी खुर्ची बाकाशी ओढली. "पेन द्या."

"आबा..."

"गप. इतकी वर्षं तुझ्या वतीने बोललो, आता माझ्या वतीने बोलतोय. त्यात तू तोंड घालायचं नाही."

त्यांनी लिहायला घेतलं. म्हाताऱ्याचं अक्षर मोठं, शब्दाशब्दात अंतर. 'सदर सही माझ्या मुलीची नाही. ती तिला न विचारता मी केली.' इथवर लिहून ते थांबले नाहीत. पेन पुढे सरकलं. 'गेली नऊ वर्षे या दुकानातून गेलेल्या काट्यांपैकी दवाखान्यांचे व औषधांचे सर्व काटे तिने जुळवले आहेत. त्यांच्या दाखल्यांवर सही माझी आहे, काम तिचे आहे.'

वकीलबाई वाकून वाचत होत्या. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "आबा, हे नाही लागत. हे कुणी विचारलेलं नाही. या एका वाक्याने तुम्ही नऊ वर्षांचे दाखले अडचणीत आणताय."

"काटे खरे आहेत," आबा म्हणाले. "शंका असेल त्याने प्रत्येक काटा पुन्हा तपासावा. केसाएवढा फरक निघाला तर मी परवाना स्वतः नेऊन देईन."

सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. आता हा कागद फाडतोच, असं वहिनीला वाटलं. दुकान त्याच्या नावावर व्हायचं होतं, गिऱ्हाइकांना तोंड त्याला द्यायचं होतं. त्याने बाकावर दोन्ही हात टेकून त्या ओळी पुन्हा वाचल्या.

"खोडू नका," तो शेवटी म्हणाला.

"काय?" आई म्हणाली.

"खोडू नका म्हटलं. अर्धी कबुली दिली तर उरलेली ते स्वतः शोधून काढतील, आणि मग आपण चोर ठरू. द्यायची तर सगळी द्या." तो धाकटीकडे न बघताच बोलत होता. "आणि काटे खरे आहेतच. लहान बाळांचा तो काटा गेल्या वर्षी वजनमापांच्या कचेरीने अचानक तपासला, तेव्हा तिथला साहेब मला म्हणाला होता, तुमच्या वडिलांचा हात या वयातही काय सुरेख! मी हो हो म्हटलं. घरी येऊन कुणाला सांगितलंही नाही. आबांना तर चष्म्याशिवाय ते आकडेही दिसत नाहीत."

"मला सांगायला हवं होतंस," धाकटी म्हणाली.

"हवं होतं." दादा वकीलबाईंकडे वळला. "साक्षीदार लागतात का हो बाई याला? मी आहे. आणि ही आहे, अक्षरवाली."

आबांनी आपल्या कागदाखाली सही केली. दादाने केली. वहिनीने केली, आणि करताना तिच्या लक्षात आलं की लग्नानंतर या घराच्या कागदावर ती पहिल्यांदाच स्वतःची सही करतेय. मग आईने हात पुढे केला.

"आई, दोनच साक्षीदार पुरतात," वकीलबाई म्हणाल्या.

"पुरू देत. तिला मी जन्म दिलाय, मी नाही तर कोण साक्षीदार?" आणि तिने एकेक अक्षर जोडत आपलं नाव लिहिलं.

आता धाकटीचा कागद राहिला. घड्याळात साडेपाच वाजले होते. तिने तो नीट वाचला, एक ओळ दोनदा वाचली, आणि पेन टेकवलं. घाई नाही, थरथर नाही. जसं वजन पारड्यात ठेवते तसं. नावातलं शेवटचं अक्षर लांब ओढून खाली एक छोटी आडवी रेघ.

"झालं," वकीलबाई म्हणाल्या आणि फोन काढून दोन्ही कागदांचे फोटो घेऊ लागल्या.

"थांबा," आबा म्हणाले. "मला बघू द्या."

त्यांनी चष्मा मागितला. दादाने खिशातून काढून दिला. आबांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि इतका वेळ बघत राहिले की वकीलबाईंनी घड्याळाकडे नजर टाकली. ज्या लेकीच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून परवान्याच्या अर्जापर्यंत सगळीकडे त्यांनीच सही केली होती, तिची सही ते पहिल्यांदा बघत होते.

"अशी करतेस होय," ते म्हणाले.

"हो. अशीच करते."

"मी काढली होती ती अगदीच भलती होती." त्यांनी कागद परत तिच्याच हातात दिला, वकीलबाईंच्या नाही. "पाठव. तूच पाठव."

तिने वकीलबाईंकडून फोन घेतला आणि दोन्ही कागद पाठवले.